गाडीच्या पोटाची काळजी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या शाळेच्या परिवारातील पुष्कळ गाड्या इंदूरबाहेर पडतात. कोणी मांडू-महेश्वरला जाते, कोणी जानापावच्या टेकडीवर, कोणी पार पचमढीपर्यंत. अलीकडे उंच, जीपसारख्या गाड्या घेण्याची हौसही वाढली आहे. अशा गाड्यांना पुढे जाड लोखंडी कठडा, खाली पत्रा, बाजूला पाइप असे बरेच काही बसवून आणलेले शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी दिसते. वरच्या वर्गातील मुले आम्हाला विचारतात, "सर, याने गाडी मजबूत होते ना?" पालकसभेतही हा विषय एक-दोनदा निघाला.

प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. गाडीला लोखंड जोडण्याचे काही प्रकार खरोखर उपयोगी आहेत, काही निरुपयोगी आहेत आणि एक प्रकार तर आपल्याच मुलांना धोकादायक आहे. कोणता कुठे बसतो हे समजण्यासाठी एक प्रत्यक्ष गाडी समोर ठेवून विचार करावा असे आम्ही ठरवले. यंत्रांची नावे लिहिताना मिस्त्रीच्या तोंडची नावेच वापरली आहेत. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तरी ऑइल चेंबरला ऑइल चेंबर म्हटलेलेच मराठी आणि हिंदी दोन्हीकडच्या मुलांना समजते.

उदाहरणाची गाडी

आम्ही निवडलेली गाडी परदेशी आहे. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीची ट्रान्सपोर्टर ही व्हॅन जगभर प्रसिद्ध आहे. तिच्या तिसऱ्या पिढीच्या व्हॅनला चारही चाकांवर जोर देणारी यंत्रणा बसवून 'सिंक्रो' नावाची गाडी १९८५ च्या सुमारास बाजारात आली. तिची जुळणी ऑस्ट्रियातील ग्राझ या शहरात स्टेयर-डाइमलर-पूख या कंपनीच्या कारखान्यात होई. डोंगरी आणि लष्करी गाड्यांच्या कामात हा कारखाना मुरलेला होता. त्याआधी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फोक्सवॅगनचे अभियंते गुस्टाव्ह मायर आणि हेनिंग डुकश्टाइन यांनी जुन्या व्हॅनवर असाच प्रयोग करून ती सहारा वाळवंटात चालवून पाहिली होती. सिंक्रोचे उत्पादन १९९२ मध्ये थांबले, पण जतन केलेल्या गाड्या युरोप-अमेरिकेत आजही डोंगर-वाळवंटांत फिरतात, आणि त्यांचे मालक त्यांत सुधारणा करत असतात.

हीच गाडी का? कारण ती मुळात सामान नेण्याची आणि कुटुंबाने फिरण्याची व्हॅन आहे. तिला जंगली रस्त्यावर नेण्याचा निर्णय झाला तेव्हा तिचे कोणते भाग उघडे पडतात याचा विचार प्रथम कारखान्यानेच केला आणि पुढे मालकांनी तो वाढवला. म्हणून संरक्षणाचा धडा शिकण्यासाठी ती फार सोयीची आहे.

गाडीच्या खाली वाकून पाहू

सिंक्रोचे इंजिन मागे, मागच्या चाकांच्याही पाठीमागे आहे. गियरबॉक्स त्याच्या पुढे. गियरबॉक्समधून एक लांब फिरता दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, गाडीच्या पोटाखालून पुढच्या डिफरन्शियलपर्यंत जातो. आपले मिस्त्री डिफरन्शियलला गोळा म्हणतात. इंजिन मागे असले तरी ते थंड ठेवणारा रेडिएटर मात्र अगदी पुढे नाकात आहे. साहजिकच कूलंटचे पाइप गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोटाखालूनच जातात.

साध्या दोन-चाकी जोराच्या व्हॅनमध्ये पेट्रोलची टाकी पुढच्या बाजूला, पोटाखाली असे. सिंक्रोत पुढे गोळा आणि शाफ्ट आल्यामुळे कारखान्याने टाकी मागे, गियरबॉक्सच्या वर हलवली. जागेच्या सोयीसाठी केलेल्या या बदलाने टाकीलाही आडोसा मिळाला, कारण आता दगड टाकीला लागण्यापूर्वी त्याच्या वाटेत गियरबॉक्स येतो. मुलांनी ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी. नाजूक वस्तू धोक्याच्या जागेवरून उचलून सुरक्षित जागी नेणे हे पहिले संरक्षण आहे. लोखंडाचा क्रमांक त्यानंतर लागतो.

आता एक बारीक फरक पाहू. जुन्या जीपला अखंड एक्सल असतो. त्यात गोळा एक्सलमध्येच बसवलेला असल्याने चाकाच्या मध्याच्या उंचीवर राहतो. गाडी खड्ड्यात कितीही दबली तरी गोळ्याचे जमिनीपासूनचे अंतर जवळपास तेवढेच राहते. सिंक्रोची चारही चाके स्वतंत्रपणे वर-खाली होतात आणि गोळा गाडीच्या अंगाला बसवलेला आहे. त्यामुळे रस्त्यावर आराम मिळतो, पण गाडी जोरात दबली की गोळा, शाफ्ट आणि पाइप सगळेच अंगाबरोबर खाली येतात. उभ्या गाडीखाली वाकून मोजलेली उंची चालत्या गाडीला मिळत नाही. अशा गाडीला खालच्या पत्र्याची गरज जास्त का, ते यावरून समजते.

कोनांचा हिशेब

गाडीचे पोट कुठे टेकेल हे तीन कोनांवरून ठरते. चढ सुरू होताना नाक टेकते तो पुढचा कोन. उतार संपून सपाटीवर येताना शेपूट टेकते तो मागचा कोन. आणि शेताचा बांध किंवा उंच गतिरोधक ओलांडताना पोट टेकते तो मधला कोन. दहावीच्या मुलांना त्रिकोणमिती आहे, त्यांनी मधला कोन स्वतः काढून पाहावा.

सिंक्रोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतर सुमारे २.४६ मीटर आहे. म्हणजे गाडीच्या मध्यापासून प्रत्येक चाक १.२३ मीटरवर आले. पोटाची उंची २० सेंटीमीटर धरू. चाकांचा गोलावा सोडून दिला तर एका बाजूच्या कोनाचा टॅन्जंट ०.२० भागिले १.२३, म्हणजे ०.१६३ येतो. तो कोन सुमारे ९.२ अंशांचा झाला, आणि दोन्ही बाजू मिळून सुमारे १८.५ अंश.

आता पोटाखाली ५ मिलिमीटर जाडीचा पत्रा बसवला आणि त्याच्या वर २ सेंटीमीटर मोकळी जागा सोडली. उंची २० वरून १७.५ सेंटीमीटर झाली. पुन्हा हिशेब केला तर कोन १६.२ अंश येतो. संरक्षण बसवले आणि सव्वादोन अंश गमावले! ज्या बांधावरून गाडी पूर्वी अलगद जात होती तिथे ती आता घासेल. म्हणून जाणते मालक पोटाखाली सरसकट पत्रा मारत नाहीत. जो भाग खरोखर खाली लोंबतो आणि फुटला तर गाडी जागीच थांबते, त्याच्यापुरताच पत्रा ते लावतात.

चेंबर गार्ड कसा असावा

सिंक्रोला कारखान्यातूनच पुढच्या गोळ्याखाली पोलादी पत्रा आणि मागे इंजिन-गियरबॉक्सखाली लांब लोखंडी पट्ट्या मिळत. गाडी दगडावर आली तर तिने अडकू नये, बर्फावरच्या घसरगाडीसारखे पुढे सरकून जावे, हा त्यांचा हेतू. आपल्याकडे कोणी चेंबर गार्ड करून घेतला तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

एक, गार्ड कशाला बांधला आहे? तो गाडीच्या सांगाड्याच्या मजबूत जागी बांधलेला असावा. गियरबॉक्सच्या किंवा इंजिनच्या कवचालाच बोल्टने जोडला तर दगडाचा धक्का थेट त्याच कवचाला पोचतो. ही कवचे बहुधा ओतीव अल्युमिनियमची असतात, आणि ओतीव धातू वाकण्याऐवजी तडकतो.

दोन, पत्रा आणि चेंबर यांच्यात मोकळी जागा हवी. धक्का बसल्यावर पत्रा थोडा आत दबणारच. तेवढी जागा नसेल तर पत्रा स्वतःच चेंबरवर आदळेल.

तीन, पत्र्याची पुढची कड वर वळवलेली असावी. मागची कडही लोंबती नसावी, नाहीतर गाडी मागे घेताना ती फावड्यासारखी माती उचलते.

चार, बोल्टची डोकी पत्र्यात बुडालेली असावीत. बाहेर आलेली डोकी दगडावर घासून झिजतात, आणि मग पत्रा काढायचा तर तो कापावाच लागतो.

पाच, ऑइल बदलण्यासाठी आणि पाणी-चिखल गळून जाण्यासाठी भोके हवीत. आपल्या माळव्याची काळी माती पावसाळ्यात किती चिकट होते हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पत्र्यावर साचलेली ओली माती महिनोन्महिने तशीच राहिली तर बाहेरून मजबूत दिसणारी गाडी आतून गंजते.

धातू कोणता घ्यावा यावर मुलांमध्ये चांगला वाद होऊ शकेल. एक मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद, ४ मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याचे वजन सुमारे १९ किलो होते. तेवढ्याच मापाचा ६ मिलिमीटर जाड अल्युमिनियमचा पत्रा १० किलोच्याही आत बसतो. पोलाद अल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ असते हे खरे, पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ४ चा घन ६४ आणि ६ चा घन २१६. म्हणून निम्म्या वजनाचा हा अल्युमिनियमचा पत्रा वाकण्यास पोलादी पत्र्यापेक्षा थोडा जास्तच विरोध करतो. तरी दगडाळ भागात पुष्कळ लोक पोलादच घेतात. अल्युमिनियम मऊ असल्याने दगडाचे टोक त्यात रुतते, आणि पोलाद त्यावरून घसरून जाते. कोणता धातू चांगला हे गाडी कुठे जाणार यावर ठरते.

छोटे भाग, मोठे नुकसान

गार्डच्या नादात ज्या भागांकडे दुर्लक्ष होते त्यांचीही नोंद घेऊ.

कूलंटचे पाइप. सिंक्रोत ते पोटाखालून लांबवर जात असल्याने झाडाचे एखादे खोड किंवा उडालेला दगड त्यांना फोडू शकतो. पाणी गेले की मागे इंजिन तापते, आणि काटा वर गेलेला चालकाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असू शकतो. अनेक मालक जुने पाइप काढून स्टेनलेस स्टीलचे बसवतात आणि जिथे पाइप उघडा पडतो तेवढ्याच जागी छोटा गार्ड लावतात.

एक्सलचे रबरी बूट. चाकांकडे जाणाऱ्या एक्सलच्या सांध्यावर घडीदार रबर असते. त्याच्या आत ग्रीस असते. एखाद्या काटकीने ते फाटले की चालू गाडीत कोणताही आवाज येत नाही, पण ग्रीस बाहेर फेकले जाते आणि धूळ आत शिरते. काही शे किलोमीटरनंतर सांधा कटकट करू लागतो. इथे कोणताही पत्रा उपयोगी नाही. प्रवासाहून आल्यावर वाकून पाहणे आणि फाटलेले बूट लगेच बदलणे हाच उपाय.

ब्रेकच्या नळ्या आणि होज. लोंबती नळी प्रथम वर, सांगाड्याच्या आडोशाला बांधावी. उरलेल्या उघड्या भागावर जाड रबराचे किंवा स्प्रिंगचे आवरण घालता येते. नळी चाकाला किंवा एक्सलला घासत नाही ना, हे चाक पूर्ण वळवून आणि गाडी दाबून पाहावे. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करवून घ्यावे. या एका बाबतीत घरगुती प्रयोग नकोत.

गोळ्याचा श्वास. ही गोष्ट आठवीच्या मुलांनाही कळेल. गोळा आणि गियरबॉक्स चालताना तापतात, आतली हवा प्रसरण पावते, म्हणून त्यांना श्वासासाठी छोटी वाट ठेवलेली असते. तापलेला गोळा अचानक थंड ओढ्यात बुडाला की आतली हवा आकुंचन पावते आणि बाहेरचे पाणी त्याच वाटेने किंवा सीलमधून आत ओढले जाते. मग ऑइलचे ताक होते. उपाय अगदी स्वस्त आहे. श्वासाच्या वाटेला रबरी नळी जोडून ती पाण्याच्या पातळीच्या पुष्कळ वर नेऊन ठेवतात.

इंजिनाची हवा. सिंक्रोचे इंजिन हवा घेते ती गाडीच्या मागच्या कोपऱ्यातून, खिडकीच्या उंचीवरून. ज्या गाड्यांची हवा घेण्याची वाट खाली असते त्यांनी खोल पाण्यात मुळीच जाऊ नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरले आणि पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

न दिसणारा नाजूक भाग

सिंक्रोचा सर्वांत नाजूक भाग कोणता असे विचारले तर बहुतेक जण चेंबर किंवा शाफ्ट म्हणतील. पण पुढच्या गोळ्याशी जोडलेले व्हिस्कस कपलिंग हे या गाडीचे मर्म आहे. एका बंद डब्यात अनेक पातळ चकत्या आणि दाट सिलिकॉनचे द्रव असते. पुढची आणि मागची चाके सारख्या वेगाने फिरत असतील तर चकत्याही बरोबरच फिरतात आणि काही घडत नाही. मागची चाके चिखलात घसरून जोरात फिरू लागली की चकत्यांच्या वेगात फरक पडतो, द्रव घुसळला जातो, आणि पुढच्या चाकांना आपोआप जोर मिळू लागतो. चालकाला काहीही करावे लागत नाही.

आता समजा मालकाने मागे नवे टायर टाकले आणि पुढे झिजलेले तसेच ठेवले. झिजलेल्या टायरचा घेर लहान असतो, म्हणून तेवढेच अंतर कापताना पुढची चाके जास्त फेरे घेतात. म्हणजे सरळ, पक्क्या, डांबरी रस्त्यावरही कपलिंगमधले द्रव सतत घुसळले जाते, तापते, आणि शेवटी कपलिंग निकामी होते किंवा जाम होऊन इतर भागांवर ताण टाकते. डोंगर नाही, दगड नाही, तरी गाडीचे महागडे अंग गेले! याचा उपाय कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात मिळत नाही. चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले ठेवणे, ते आलटून-पालटून लावणे आणि हवा वेळेवर तपासणे, एवढेच करायचे असते. आपल्याकडच्या सतत चार चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

संरक्षणाची किंमत

पोटाखाली चार-पाच पोलादी पत्रे, बाजूला जाड पाइप, टपावर कॅरियर असे करत गेले तर पाहता पाहता शंभर-दीडशे किलो वजन वाढते. म्हणजे दोन मोठी माणसे कायमची गाडीत बसवून ठेवल्यासारखे झाले. स्प्रिंगांवर तेवढा भार येतो, ब्रेक लावल्यावर गाडी थांबवणे तेवढे जड जाते, पेट्रोल जास्त लागते, आणि गाडी दबल्याने ज्या उंचीसाठी सगळा खटाटोप केला तीच कमी होते.

दुसरा धोका आगीचा. पत्रा आणि सायलेन्सर यांच्यामधल्या फटीत वाळलेले गवत अडकते. सायलेन्सर तापला की ते पेटू शकते. आपल्याकडे गहू कापल्यावर शेतात नरवाई उभी असते. तापलेली गाडी नरवाईवर किंवा वाळल्या गवतावर कधीही उभी करू नये, आणि अशा जागेतून गेल्यावर थांबून पोटाखाली पाहावे.

या सगळ्यावर सर्वांत हलके आणि स्वस्त संरक्षण म्हणजे चालकाचे डोळे. अवघड जागा आली की गाडी थांबवून खाली उतरावे, पायी जाऊन पाहावे, एका माणसाला पुढे उभे करून त्याच्या खुणेने हळू चालवावे. मोठा दगड दोन चाकांच्या मध्ये घेण्यापेक्षा एक चाक त्यावर चढवावे, म्हणजे पोट आपोआप उचलले जाते. चाक दगड सहन करण्यासाठीच असते, चेंबर त्यासाठी नसते.

पुढचा कठडा कोणाला वाचवतो?

आता फाटकापाशी दिसणाऱ्या त्या कठड्याकडे येऊ. येथवर वाचून कोणी म्हणेल, पोटाला गार्ड चालतो तर नाकाला का नको? कारण दोन्ही जागी होणारे काम वेगळे आहे. पोटाखालचा पत्रा दगडावरून हळूहळू घसरतो, तिथे तो कडकच हवा. नाकाला जेव्हा धडक बसते तेव्हा ती वेगात बसते, आणि तिथे गाडीने दबणे आवश्यक असते.

हाही हिशेब मुलांनी करावा. गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जात आहे. धडकेत तिचे नाक अर्धा मीटर दबून ती थांबली, तर वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर या सूत्राने तिची मंदगती सरासरी १०० येते, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दहापट. कडक कठड्यामुळे ती १० सेंटीमीटरमध्येच थांबली, तर तीच संख्या ५०० होते, म्हणजे सुमारे पन्नासपट. गाडीचा पत्रा वाचला असेल, पण ते बल आत बसलेल्या माणसांपर्यंत पोचते. शिवाय एअरबॅग केव्हा उघडावी हे गाडीचे सेन्सर धक्क्याच्या प्रकारावरून ठरवतात. कंपनीने गृहीत न धरलेले लोखंड पुढे आले तर तो अंदाज चुकू शकतो.

आणि बाहेरच्या माणसाचे काय? उंच गाडीच्या कठड्याची उंची एकदा आपल्या पहिलीतल्या मुलाच्या शेजारी उभे राहून पाहावी. मोठ्या माणसाच्या मांडीला लागेल ते लोखंड लहान मुलाच्या छातीला किंवा डोक्याला लागते. हळू सरकणारी गाडीसुद्धा अशा वेळी मोठी इजा करते. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी मुले, रिक्षा, स्कूटर आणि गाड्या यांची कशी दाटी होते, ते सर्वांनी पाहिलेलेच आहे. आम्ही हा लेख मुख्यतः या एका परिच्छेदासाठी लिहिला असे समजले तरी चालेल.

कायद्याचीही बाजू आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाने गाड्यांना अनधिकृतपणे लावलेल्या अशा कठड्यांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना लिहिले. पादचारी आणि प्रवासी दोघांच्याही सुरक्षेला त्यापासून धोका असल्याचे कारण त्यात होते. मोटर वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील फेरफारांविषयी आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ स्वरूपाशी विसंगत फेरफार करता येणार नाहीत असा निर्णय दिला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. म्हणून गाडीत काहीही वाढवण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा अवश्य करावी. परदेशातील मालक आपल्या व्हॅनला जे करतात ते तिथल्या नियमांनुसार करतात. त्यांची छायाचित्रे पाहून इथे तसेच करू जाणे योग्य नाही.

आमचे निवेदन

पालकांना आमचे निवेदन आहे की ज्यांच्या गाडीला बाहेरून बसवलेला पुढचा कठडा आहे त्यांनी तो काढून घ्यावा. तोवर शाळेच्या वेळेत ती गाडी फाटकापासून दूर, मुलांची ये-जा नसलेल्या बाजूला उभी करावी. मुलांना घ्यायला येणाऱ्या व्हॅन आणि रिक्षांच्या चालकांनाही ही गोष्ट पालकांनी स्वतः सांगावी. पालकांच्या शब्दाचा जो परिणाम होतो तो आमच्या सूचनापत्राचा होत नाही.

विश्वस्त मंडळास विनंती आहे की सहलीसाठी गाडी ठरवताना तिच्या चारही टायरांची स्थिती, ब्रेकच्या नळ्या आणि गळती यांची तपासणी एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून करवून घेण्याचा नियम करावा. यास अर्धा तास पुरतो.

विद्यार्थ्यांसाठी दोन गोष्टी. ज्यांना यंत्रांची आवड आहे त्यांनी सुट्टीत घरच्या गाडीचे तीन कोन मोजावेत, वहीत आकृती काढावी आणि तिच्या पोटाखालचे कोणते भाग उघडे आहेत त्यांची यादी करावी. आपल्या जवळच पीथमपूरला फोर्स मोटर्सच्या कारखान्यात ट्रॅव्हलर व्हॅन बनतात. इंदूरच्या रस्त्यांवर त्या जागोजागी उभ्या दिसतात, त्यांचे कोनही चालक काकांची परवानगी घेऊन बाहेरून मोजता येतील. दुसरी गोष्ट आज्ञा समजावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जायचे नाही. जॅक सरकतो. पाहायचेच असेल तर गाडी सपाट जागी बंद करून, हँडब्रेक लावून, सायलेन्सर थंड झाल्यावर, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली बाहेरूनच वाकून टॉर्चने पाहावे. पोटाखालचे जेवढे पाहायचे असते तेवढे तसेही दिसते.

यादी आणि आकृत्या सुट्टीनंतर विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्याव्यात. चांगल्या आकृत्या फलकावर लावल्या जातील.

— प्राचार्य